डोंगराचा धनी कोण?

मळवली स्थानकावर उतरून भाजे गाव मागे टाकले, की वाट चढणीस लागते. उन्हाळ्यात ती धुळीने माखलेली असते; आषाढात तिचाच ओढा होतो. ही वाट गायमुख खिंडीत येऊन पोहोचते, तेव्हा उजव्या हातास लोहगड आणि डाव्या हातास विसापूर असे दोन बळकट दुर्ग समोर उभे राहतात. लोहगडाच्या पायथ्याशी, अगदी त्याच्या कुशीत म्हणावी अशी, लोहगडवाडी वसली आहे. वाडीच्या उत्तरेस इंद्रायणीचे खोरे आणि दक्षिणेस पवनेचे. लोणावळ्याच्या या टापूत वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी डोंगर आपल्या अंगाखांद्यावर झेलतो, काही मुरवून ठेवतो आणि उरलेले झऱ्याओढ्यांच्या रूपाने खाली सोडून देतो. फाल्गुन-चैत्रात वाडीतील बाया ज्या झऱ्यावर हंडा भरतात, त्यातले पाणी त्या दिवसाचे नसते. ते मागल्या श्रावणातले असते.

हा डोंगर ज्या काळ्या पाषाणाचा झाला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून रसरूपाने बाहेर पडला. थरावर थर साचले, निवले आणि कठीण झाले. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात. घर बांधणारा गवंडी त्याला नुसता 'काळा दगड' म्हणतो. ऊन-पावसाने हाच दगड कुजला, भुसभुशीत झाला, म्हणजे त्याचा मुरूम होतो. दगड फोडून खडी करतात, मुरमाने रस्ते आणि जोती भरतात. तेव्हा तुमचे घर, तुमची शाळा आणि शाळेकडे जाणारी सडक यांत कोठला ना कोठला डोंगर थोडाथोडा येऊन बसला आहेच.

दगड काढणे ही काही आजची गोष्ट नव्हे. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदली गेली. त्या कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने डोंगर पोखरला आणि त्यातून चैत्यगृह व विहार उभे केले. लोहगडाचे चारही दरवाजे, बुरूज आणि नाना फडणवीसांनी गडावर बांधविलेली बाव यांना लागलेला दगड याच डोंगरांतला आहे. परंतु त्या खोदकामाला माणसाच्या दंडाच्या बळाची मर्यादा होती. आज पोकलेन नावाचे यंत्र उभे केले, की गावकरी सकाळी गुरे घेऊन रानात जातात तेव्हा दिसणारी टेकडी महिन्याभराने जागेवर नसते. डोंगर पुन्हा उगवत नाही. झाड तोडले तर निदान दुसरे लावता येते.

मग हा दगड कोणी काढावा, किती काढावा आणि कोणाच्या परवानगीने काढावा? डोंगराचा धनी कोण?

हा प्रश्नही जुनाच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी मराठी राज्याची राजनीती ज्या ग्रंथात सांगितली, त्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारे लाकूड हुजूरच्या परवानगीनेच तोडावे, आंबे-फणसांसारख्या झाडांना रयतेच्या खुशीवाचून हात लावू नये, असे बजावले आहे. किल्ल्याजवळ दुसरा डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंग लावून किल्ल्याच्या आटोक्यात आणावा, तेही न साधल्यास तो बांधून काढावा, असाही सल्ला त्यात आहे. लोहगडाशेजारी त्याच्याहून उंच विसापूर आहे, म्हणूनच तोही बांधून काढलेला असावा. या शेजाराची किंमत पुढे १८१८ मध्ये कळली. इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड लढविता आला नाही. सांगावयाचे इतकेच, की डोंगरास सुरुंग लावणे हे त्या काळीही वाटेल त्याचे काम नव्हते. ते राज्याने विचार करून ठरवावयाचे काम होते.

आज आपल्याकडे राजा नाही, कायदा आहे. खाणींविषयीचा मुख्य कायदा संसदेने १९५७ मध्ये केला. त्यात खनिजांचे दोन वर्ग पाडले आहेत. लोखंड, मँगनीज, बॉक्साइट यांसारखी ती प्रमुख खनिजे. आणि बांधकामाचा दगड, मुरूम, साधी वाळू ही गौण खनिजे. 'गौण' या शब्दाने फसू नका. गौण म्हणजे क्षुल्लक नव्हे. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. महाराष्ट्राचा जमीन महसूल कायदा १९६६ चा आहे. त्याच्या ४८ व्या कलमानुसार, वेगळे काही स्पष्ट ठरलेले नसेल तर, जमिनीतील खनिजांवर हक्क राज्याचा असतो. म्हणजे शेत तुमच्या वडिलांच्या नावे असले, तरी त्यातील टेकाड फोडून मुरूम विकावयाचा झाल्यास परवाना घ्यावा लागतो आणि काढलेल्या मालाबद्दल सरकारात रक्कम भरावी लागते. तिला स्वामित्वधन म्हणतात. हे ऐकून एखाद्याला वाटेल, की हा गरिबावर जुलूम आहे. परंतु पिढीजात कुंभाराच्या मातीसाठी नियमांत सवलत ठेवलेली आहे. कायद्याचा रोख घरापुरती पाटी भरणाऱ्यावर नाही. रात्रीतून डोंगर वाहून नेणाऱ्यावर आहे.

परवान्यावाचून माल काढला, तर तहसीलदार त्या मालाच्या बाजारभावाच्या पाचपटींपर्यंत दंड करू शकतात आणि यंत्रे व वाहने जप्त करू शकतात. १९५७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कैदही आहे. यावर एक मोठा मौजेचा कायदेशीर प्रश्न निघाला होता. खाण कायद्याखालील खटला चालवावयाचा तर अधिकृत अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. मग तशी तक्रार नसताना पोलिसांनी वाळू नेणाऱ्यास पकडले तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्याचे उत्तर दिले. जोवर दगड-वाळू जमिनीशी जडलेली आहे, तोवर ती जमिनीचाच भाग. ती कोणी 'चोरू' शकत नाही. परंतु ती जमिनीपासून सुटी केली, की त्याच क्षणी ती चीजवस्तू होते, आणि सरकारच्या मालकीची चीजवस्तू संमतीवाचून उचलून नेणे ही साधी सरळ चोरी आहे. म्हणून पोलीस तिच्यावर चोरीचाही गुन्हा नोंदवू शकतात. डोंगर चोरता येत नाही, पण त्याचा दगड चोरता येतो, अशी ही गंमत आहे.

आता चोरी झाली हे ठरवावयाचे कसे? दगडाचे माप 'ब्रास' या एककात करतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. समजा, एका माणसाने १,००० ब्रास दगडाचा परवाना घेतला. खाणीच्या वहीत १,००० ब्रासचीच नोंद आहे, पावत्याही तेवढ्याच आहेत. सारे कसे यथास्थित! परंतु खड्डा खोटे बोलत नाही. मोजणी करणारा आला आणि त्याने खड्ड्याची लांबी ५० मीटर, रुंदी ४० मीटर आणि खोली ६ मीटर भरल्याचे लिहिले. गुणाकार करा. १२,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ४,२४० ब्रास झाले. वहीत १,००० आणि खड्ड्यात ४,२४०. मधले ३,२४० ब्रास गेले कोठे? खऱ्या खाणी अशा चौकोनी नसतात, म्हणून हल्ली ही मोजणी इलेक्ट्रॉनिक यंत्राने करतात. माल वाहणाऱ्या गाडीच्या पासाची नोंद राज्याच्या 'महाखनिज' नावाच्या संगणक प्रणालीत होते. तथापि यंत्र कितीही हुशार असले, तरी ते खड्ड्याच्या काठावर नेऊन उभे करणारा माणूस लागतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मंडळ अधिकारी, तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी अशी ती माणसांची उतरंड आहे. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे असतात. ट्रक रात्री निघतात. काही ठिकाणी पथकावर दगडफेक होते, काही ठिकाणी पथक येण्याआधीच त्याची वर्दी पोहोचलेली असते. कायद्याचे खरे अंगण हे आहे. तो पुस्तकात कमी आणि अशा रस्त्यांवर अधिक कसाला लागतो.

लोहगडासारख्या ठिकाणी एक कायदा नसतो. एकावर एक अशा अनेक कायद्यांच्या रेषा असतात. लोहगड आणि भाज्याची लेणी ही केंद्र सरकारने संरक्षित केलेली स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. त्याखाली १९९२ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत खाणकाम व बांधकाम यांस मनाई केली आणि त्यापुढील २०० मीटरांत त्यांवर नियंत्रण घातले. कारण सुरुंगाचा हादरा स्मारकाच्या भिंतीपाशी येऊन थांबत नाही. तो खडकातून पुढे जातो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत लोहगडही आहे. तेव्हापासून ही रेषा अधिक लोकांच्या नजरेत आली, हे खरे. पण ती जमिनीवर आखलेली कोणालाच दिसत नाही.

दुसरी रेषा वनाची. राखीव वनात दगड काढणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणेच गुन्हा आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने त्यात भर घातली आणि वनजमीन खाणीसारख्या दुसऱ्या कामास देण्यापूर्वी केंद्र सरकारची मान्यता आवश्यक केली. या कायद्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. पण वन म्हणजे काय? कागदोपत्री 'वन' असे लिहिले असेल तेच वन, की जेथे खरोखर झाडी आहे ते वन? नीलगिरी डोंगरातील गुडलूरच्या जंगलात चाललेल्या तोडीविरुद्ध टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले, की शब्दकोशातील अर्थाने जे वन असेल ते, मालक कोणीही असो, वनच समजावे. एका शब्दाचा अर्थ नीट लावल्याने किती झाडे वाचू शकतात, याचे हे उदाहरण भाषेच्या पुस्तकात यावयास हरकत नाही.

तिसरी बाब परिसराच्या परवानगीची. लहान खाणींना, म्हणजे पाच हेक्टरांपेक्षा कमी क्षेत्राच्या खाणींना, ही परवानगी पूर्वी लागत नसे. त्यामुळे काही जण मोठ्या खाणीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निराळा दाखवीत. दगड तोच, खड्डा तोच, कागद मात्र अनेक! फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजविली.

मावळातला दगड घाटमाथ्याचा. सह्याद्रीच्या उतरणीवर दक्षिणेकडे जावे, तसे रान दाट होत जाते. सिंधुदुर्ग, गोवा आणि पुढे कर्नाटक-केरळ येथील उतारांवर बारमाही हिरवी राहणारी वने आहेत. भरपूर पावसावर पोसलेल्या अशा वनांना वर्षावने म्हणतात. या वनांच्या पायाखालीच कित्येक ठिकाणी लोखंडाचे खनिज सापडते, आणि तंट्याला सुरुवात होते ती तेथेच.

गोव्याची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य असताना त्यांच्या सरकारने खाणींचे पट्टे कायमचे म्हणून देऊन टाकले होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. परंतु पट्टे तसेच राहिले. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून ते कायमचे हक्क रद्द केले आणि त्यांचे ठराविक मुदतीच्या पट्ट्यांत रूपांतर केले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत खाणी चालू राहिल्या. खनिज ट्रकांत भरावे, नदीच्या धक्क्यावर आणावे, तेथून बार्जमधून मांडवी किंवा जुवारी नदीने मुरगाव बंदरी न्यावे आणि मोठ्या बोटींवर चढवावे, असा तो प्रवास होता. पूर्वी हे खनिज मुख्यतः जपानला जाई. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये पोलादाचे कारखाने भराभर वाढले आणि मागणी एकदम उसळली. पूर्वी हलक्या प्रतीची म्हणून टाकून दिलेली मातीही आता विकली जाऊ लागली. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज परदेशी गेले. त्यात काही वाटा कर्नाटकातल्या मालाचाही होता.

याचा गावांवर काय परिणाम झाला? गोव्यातील डोंगरमाथ्यावर बहुधा जांभा दगड असतो. तो सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेतो आणि खालच्या झऱ्यांना व विहिरींना पुरवितो. खाण खोल जाऊ लागली, की ती भूजलाच्या पातळीखाली उतरते. मग खड्ड्यात पाणी साठते, ते पंपाने उपसून बाहेर टाकतात, आणि शेजारच्या गावाच्या विहिरी आटतात. एक टन खनिज मिळविण्यासाठी दोन-तीन टन निरुपयोगी माती उपसावी लागते. तिचे ढीग, ज्यांना तेथे 'डंप' म्हणतात, डोंगराएवढे वाढले. पावसात ते वाहून तांबडा गाळ भातशेतीत आणि ओहोळांत आला. रस्त्याकडेची झाडे तांबडी, घरांची कौले तांबडी, वाळत घातलेले कपडे तांबडे. शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या, रस्ते अडविले, कित्येकांनी न्यायालयाची वाट धरली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ट्रक चालविणारे, बार्जवर काम करणारे, यंत्रांची दुरुस्ती करणारे, खानावळी चालविणारे अशा असंख्य कुटुंबांच्या चुली याच तांबड्या मातीवर पेटत होत्या. पुष्कळांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. एकाच गावात एका घराची विहीर खाणीमुळे आटलेली आणि शेजारच्या घरातील मुलाचा पगार त्याच खाणीतून येणारा, अशी स्थिती होती. अशा गावात भांडण कोणाचे कोणाशी लावावयाचे?

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एम. बी. शाह यांचा आयोग नेमला. गोव्याविषयीचा त्याचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेपुढे आला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३४,९३५ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा आयोगाने अंदाज केला होता. अंदाज म्हणजे निकाल नव्हे, ही गोष्ट विसरू नये. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून केवळ अहवालावरून कोणास दोषी धरता येत नाही. तीन दिवसांनी राज्य सरकारने खाणकाम थांबविले. 'गोवा फाउंडेशन' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी खाणकाम व खनिजाची वाहतूक, दोन्ही बंद केली.

न्यायालयाचा निकाल २१ एप्रिल २०१४ रोजी लागला, आणि त्यातला मुख्य मुद्दा अगदी साधा निघाला. तो होता मुदतीचा! पट्ट्यांची मुदत आणि त्यांना मिळू शकणारी वाढ यांची बेरीज करता, २२ नोव्हेंबर २००७ रोजी ते पट्टे संपले होते. त्यानंतर साडेचार वर्षांहून अधिक काळ जे खणले गेले, ते पट्ट्यावाचून. एवढी मोठी यंत्रे, एवढी बंदरे, एवढे अधिकारी. आणि दिनदर्शिकेकडे कोणी पाहिले नाही! न्यायालयाने आणखीही काही गोष्टी ठरविल्या. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत पट्टा देता येणार नाही. पट्ट्याच्या बाहेर मातीचे ढीग टाकता येणार नाहीत. पुढील व्यवस्था होईपर्यंत वर्षाला २ कोटी टनांहून अधिक खनिज काढता येणार नाही. आणि खनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा दहावा हिस्सा एका कायम निधीत टाकावा. कारण खनिज एकदाच निघते आणि पुढच्या पिढ्यांचाही त्यात वाटा आहे. निकालातील हा शेवटचा भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ज्यांचा अजून जन्मही झाला नाही, अशा मुलांच्या नावाने त्यात पैसे बाजूला काढले गेले.

निकालाने प्रकरण मिटले असे मात्र झाले नाही. राज्य सरकारने जुन्याच पट्टेदारांच्या ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सर्व रद्द ठरविले, आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा थांबल्या. या वेळी कामगार रस्त्यावर उतरले. धक्क्यांवर बार्ज गंजत उभ्या राहिल्या. हप्ते न फिटल्याने ट्रक विकावे लागले. डिसेंबर २०२२ पासून नव्या पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. मधल्या काळात कित्येक गावांत भात पुन्हा हिरवे दिसू लागले आणि कित्येक घरांत पगाराचा दिवस येईनासा झाला. कायद्याची अंमलबजावणी वेळच्या वेळी झाली असती, २००७ सालीच कोणी पट्ट्याची तारीख वाचली असती, तर हा आघात एकदम बसला नसता. उशिरा आलेला कायदा ज्याने चूक केली त्याच्यापेक्षा ज्याच्या हाती काही नव्हते त्यालाच अधिक लागतो.

कर्नाटकातील कुद्रेमुखची गोष्ट याहून वेगळी. तेथे वर्षावनाच्या मध्यभागी, भद्रा नदीच्या उगमाच्या प्रदेशात, सरकारी कंपनीचीच लोखंडाची खाण होती. ती चोरटी नव्हती. परंतु भोवतालचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले होते आणि पट्ट्याची मूळ मुदत सरली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आदेश दिला, काम आवरण्यास अवधी दिला, आणि २००५ च्या अखेरीस खाण बंद झाली. अवधी देऊन थांबविणे आणि एका रात्रीत थांबविणे यांतला फरक गोव्याने आणि कुद्रेमुखने असा शेजारी शेजारी दाखविला.

जगातील सर्वांत मोठे वर्षावन दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. ब्राझील देशात यानोमामी या वनवासी लोकांसाठी १९९२ मध्ये सुमारे ९६ लक्ष हेक्टरांचा प्रदेश राखून ठेवण्यात आला. तेथे सोन्यासाठी हजारो लोक चोरून घुसले. सोन्याचे कण पकडण्यासाठी ते पारा वापरतात. तो नदीत जातो, नदीतून माशांत आणि माशांतून माणसांच्या पोटात. २०२३ च्या आरंभी ब्राझील सरकारने तेथे मोठी मोहीम काढली. रस्ते नसलेल्या रानातून जड यंत्रे जप्त करून आणता येत नाहीत, म्हणून तेथील अधिकारी ती जागच्या जागी जाळून टाकतात. आपल्या तहसीलदारांना निदान ट्रक कचेरीच्या आवारात आणून उभा करता येतो! परंतु यंत्रे जाळूनही काम भागेना, कारण सोने विकत घेणारे होतेच. त्या देशात २०१३ पासून असा नियम होता, की विकणाऱ्याने सोन्याचे मूळ ठिकाण सांगितले, की घेणाऱ्याने ते खरे मानून चालावे. एप्रिल २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा नियम स्थगित केला. रानातल्या चोराचा पाठलाग करण्यापेक्षा बाजारातल्या गिऱ्हाइकास 'हा माल कोठला?' असे विचारावयास लावणे पुष्कळदा अधिक परिणामकारक ठरते. खडीच्या ट्रकालाही हाच प्रश्न लागू आहे.

सह्याद्रीत खाणी कोठे असाव्यात आणि कोठे मुळीच नसाव्यात, हे आधीच ठरवून टाकावे, असा विचार पुढे आला तो याच अनुभवातून. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये आणि के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये आपापले अहवाल दिले. किती क्षेत्र राखावे याविषयी दोघांत मोठा मतभेद होता. पण अतिसंवेदनशील भागात खाण नको, याविषयी नव्हता. त्यानंतर केंद्र सरकारने मसुद्यामागून मसुदे काढले. ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला सहावा. त्यात सहा राज्यांतील मिळून ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र दाखविले होते, पैकी १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातले. मसुदा म्हणजे कच्चा खर्डा. त्यावर हरकती येतात, राज्ये आपापली गावे वगळण्याची मागणी करतात, मुदत संपते आणि पुन्हा नवा खर्डा निघतो.

परवाना मिळाला म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात कळणे नावाचे गाव आहे. दोन्ही अंगांस दाट रान, मध्ये नारळ-सुपारीच्या बागा. तेथील लोहखनिजाच्या खाणीला गावकऱ्यांनी प्रथमपासून विरोध केला होता. पुढे खाण परवाना मिळून चालू झाली. जुलै २०२१ च्या मुसळधार पावसात खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्याने कड फोडली. पाणी आणि चिखल यांचा लोंढा उतारावरून खाली आला, घरांत शिरला, बागांत पसरला. त्या बागांच्या मालकांनी नंतर फावड्याने चिखल ओढून काढला. पंचनामे झाले. 

स्वाध्याय

१. 'त्यातले पाणी त्या दिवसाचे नसते. ते मागल्या श्रावणातले असते,' असे लेखकाने का म्हटले आहे?
२. 'खड्डा खोटे बोलत नाही.' हे वाक्य धड्यातील हिशेबाच्या आधारे स्पष्ट करा.
३. गोव्यातील खाणी बंद झाल्या तेव्हा कोणाचा लाभ झाला आणि कोणाची हानी झाली? दोन्ही बाजू लिहा.
४. कुद्रेमुखची खाण बंद करण्याची रीत आणि गोव्यातील खाणी थांबविण्याची रीत यांत कोणता फरक दिसतो?
५. तुमच्या गावाजवळ दगडाची किंवा मुरमाची खाण असल्यास ती किती वर्षांपासून आहे, जवळच्या विहिरींचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा. खाणीच्या काठावर एकटे जाऊ नका.